महिना संपायच्या आत वेबसाइट बंद पडते? मोठा प्लॅन घेण्याआधी बँडविड्थची गळती शोधा

हापूसच्या पेट्यांच्या ऑर्डरी घेणारी साइट ऐन मे महिन्यात उघडत नाही. हुरड्याचं बुकिंग सुरू असताना कृषी पर्यटन केंद्राच्या पानाऐवजी 'बँडविड्थ लिमिट एक्सिडेड' अशी इंग्रजी ओळ दिसते. जत्रेची तारीख बघायला आलेल्या पाहुण्यांना ट्रस्टची साइट बंद मिळते. छोट्या वेबसाइट नेमक्या गर्दीच्या दिवसांत बंद पडतात, कारण महिन्याचा कोटा तेव्हाच संपतो. गिऱ्हाईक थांबत नाही, दुसऱ्या नंबरवर फोन लावतं.

अशा वेळी 'मोठा प्लॅन घ्या' हा सल्ला लगेच मिळतो. पण बऱ्याचदा कोटा गिऱ्हाइकांनी संपवलेलाच नसतो. जड फोटो, नको असलेले प्लगिन आणि रात्रंदिवस फिरणारे बॉट यांनी तो खाल्लेला असतो. पाइपलाइन फुटलेली असेल तर मोठी टाकी बांधून पाणी पुरत नाही. आधी गळती कुठे आहे ते बघावं लागतं. हे काम अवघड नाही आणि त्यातलं बरंचसं मोबाइलवरून करता येतं.

बँडविड्थ म्हणजे नेमकं काय?

कोणी तुमची साइट उघडली की मजकूर, फोटो आणि डिझाइनच्या फाइली सर्व्हरवरून त्याच्या मोबाइलवर जातात. महिनाभरात असा एकूण जेवढा डेटा जातो, त्याला होस्टिंगच्या भाषेत बँडविड्थ म्हणतात. मोबाइलला जसा रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक, तसा साइटला महिन्याचा पॅक. तो संपला की काही कंपन्या साइट बंद ठेवतात आणि ५०९ क्रमांकाचा एरर दाखवतात, तर काही जण जादा पैसे लावतात. बहुतेक ठिकाणी १ तारखेला मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

एक साधा हिशोब करून बघा. समजा प्लॅन महिन्याला १० जीबीचा आहे आणि साइटचं पहिलं पान ६ एमबीचं आहे. मग ते पान महिन्यात साधारण १,६०० वेळा उघडलं की कोटा संपला. म्हणजे दिवसाला फक्त ५०-५५ वेळा. तेच पान ६०० केबीवर आणलं तर त्याच पैशात ते १६ हजारांहून जास्त वेळा उघडता येतं. एक रुपया जादा न घालता दहापट माणसं.

या हिशोबाला दुसरी बाजू आहे. साइटवरून जाणारा प्रत्येक एमबी समोरच्या माणसाच्या पॅकमधूनही वजा होतो. रोजचा डेटा संपल्यावर बऱ्याच प्लॅनमध्ये स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. त्या स्पीडला सेकंदाला जेमतेम ८ केबी उतरतात. ६ एमबीचं पान उघडायला साडेबारा मिनिटं लागतील. ४०० केबीचं पान ५० सेकंदांत उघडेल. साडेबारा मिनिटं कोणी थांबत नाही. त्यामुळे बँडविड्थ वाचवणं म्हणजे होस्टिंगचं बिल वाचवणं आणि गिऱ्हाईक टिकवणं, दोन्ही एकदम.

पहिलं काम: मोजणी करा

अंदाजाने प्लगिन काढू नका, अंदाजाने प्लॅन वाढवू नका. आधी आकडे बघा. बहुतेक छोट्या साइटच्या होस्टिंगला सीपॅनेल नावाचं कंट्रोल पॅनेल असतं. त्यात 'मेट्रिक्स' या भागात 'बँडविड्थ' असं बटण आहे. तिथे वेबसाइट, ईमेल आणि एफटीपी यांनी किती डेटा खाल्ला ते वेगवेगळं दिसतं.

त्याच भागात बहुतेक ठिकाणी 'एडब्ल्यूस्टॅट्स' नावाचा अहवाल असतो. त्यात चार गोष्टी बघायच्या.

पहिली, प्रत्येक भेटीमागे किती केबी गेले. हा आकडा अगदी वरच, एकूण बँडविड्थच्या खाली दिलेला असतो. तो वहीत लिहून ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दुसरी, फाइलचे प्रकार. जेपीजी आणि पीएनजी वर असतील तर फोटो जड आहेत. पीडीएफ वर असेल तर स्कॅन केलेली कागदपत्रं. एमपी४ असेल तर व्हिडिओ. जेएस आणि सीएसएस वर असतील तर थीम आणि प्लगिन.

तिसरी, 'नॉट व्ह्यूड ट्रॅफिक'. माणसांनी न बघितलेला, म्हणजे बॉट वगैरेंनी नेलेला डेटा इथे मोजला जातो. हा आकडा माणसांच्या आकड्याच्या बरोबरीने किंवा वर असेल तर घोटाळा बॉटचा आहे. काही बॉट साध्या ब्राउझरचं सोंग घेऊन येतात आणि माणसांत मोजले जातात. त्यामुळे आकडा कमी दिसला तरी शंका पूर्ण सोडू नका.

चौथी, कोणत्या पत्त्यांवरून सर्वात जास्त डेटा गेला. एकाच आयपी पत्त्याने महिन्यात एक-दोन जीबी नेला असेल, तर तो भाव विचारायला आलेला गिऱ्हाईक नव्हे.

एवढं बघायला पंधरा मिनिटं लागतात. त्यानंतर कोणत्या गळतीवर आधी हात घालायचा ते आपोआप कळतं.

गळती पहिली: मोबाइलचे जड फोटो

आजच्या साध्या मोबाइलचा फोटोसुद्धा चार हजार पिक्सेल रुंद आणि तीन ते पाच एमबीचा असतो. तो छापून भिंतीवर लावायला चांगला. पण बघणाऱ्याच्या मोबाइलची स्क्रीन त्याच्या पावपट पिक्सेलचीसुद्धा नसते. मोठा फोटो पाठवायचा आणि मोबाइलने तो लहान करून दाखवायचा, म्हणजे अख्खा ट्रक भरून पाठवून त्यातली एक जुडी उतरवून घेण्यासारखं झालं.

वर्डप्रेसवर साइट असेल तर थोडी मदत आपोआप मिळते. २०१९ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून वर्डप्रेस खूप मोठा फोटो २५६० पिक्सेलपर्यंत लहान करून वापरतं. २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून पानाच्या खालच्या भागातले फोटो वाचणारा खाली येईपर्यंत थांबवले जातात. पण साइट जुन्या आवृत्तीवर अडकली असेल तर हा फायदा मिळत नाही. शिवाय स्लायडर, गॅलरी आणि बॅकग्राउंडचे फोटो बऱ्याचदा पूर्ण आकारातच पाठवले जातात.

करायचं काय? फोटो साइटवर चढवायच्या आधीच लहान करा. रुंदी १२०० पिक्सेल आणि क्वालिटी ७५ ते ८० टक्के ठेवली की तोच फोटो साधारण दोनशे केबीच्या आसपास बसतो. मोबाइलवर फोटो रिसाइझ करणारी ढीगभर मोफत अ‍ॅप आहेत. तेही नको असेल तर एक सोपी युक्ती आहे. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा आणि तिथून सेव्ह करा. साध्या क्वालिटीत पाठवलेला फोटो बहुतेक वेळा काहीशे केबीवर येतो. मात्र एचडी किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवू नका, नाहीतर जड फोटो तसाच राहील.

आधीच चढवलेल्या शेकडो फोटोंसाठी स्मश किंवा इमॅजिफाय यांसारखा एकच प्लगिन घ्या. दोन-तीन एकदम लावू नका. बल्कमध्ये फोटो लहान करण्याआधी पूर्ण बॅकअप घ्या, कारण मूळ फोटो परत मिळेलच असं नाही. वेबपी हा फोटोचा प्रकार वर्डप्रेसमध्ये २०२१ च्या ५.८ आवृत्तीपासून चालतो. गूगलच्या मोजणीनुसार त्याच दर्जाच्या जेपीजीपेक्षा वेबपी फाइल २५ ते ३४ टक्के लहान असते.

पानाच्या वर सात-आठ फोटोंचा फिरता स्लायडर असेल तर त्याचा विचार कराच. दुसऱ्या-तिसऱ्या फोटोपर्यंत थांबणारी माणसं थोडी असतात, पण डेटा बहुतेक वेळा सगळ्या फोटोंचा जातो. एकच चांगला फोटो ठेवा.

गळती दुसरी: नोटीस फोटोत, अहवाल स्कॅनमध्ये

ही गळती मराठी साइटवर जास्त दिसते. ग्रामसभेची नोटीस, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, शाळेचा प्रवेश अर्ज, बियाण्यांचे भाव, सगळं फ्लेक्ससारखं डिझाइन करून किंवा कागदाचा फोटो काढून चढवलं जातं. कारण सोपं आहे. मराठी टायपिंगचा कंटाळा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली इमेज तयार असते.

आता फरक बघा. युनिकोडमध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं असतं. दोनशे शब्दांच्या नोटिशीत हजार-बाराशे चिन्हं धरली तर सगळा मजकूर चार केबीच्या आसपास बसतो. त्याच नोटिशीचा फोटो अर्धा ते एक एमबीचा. म्हणजे फोटो निदान शंभरपट जड. शिवाय फोटोतला मजकूर झूम करून वाचावा लागतो, गूगलवर शोधताना नीट सापडत नाही आणि डोळ्यांनी अधू माणसाला मोबाइल तो वाचूनही दाखवू शकत नाही.

टायपिंगचा कंटाळा असेल तर मोबाइलच्या कीबोर्डवरचा माइक वापरा. मराठीत बोला, मजकूर उमटतो. चुका तेवढ्या दुरुस्त करा आणि टाका.

पीडीएफ द्यावीच लागत असेल तर दोन गोष्टी पाळा. फाइल कॉम्प्युटरवर तयार झाली असेल तर तिथूनच थेट पीडीएफ करा. छापून, सही-शिक्का मारून, पुन्हा रंगीत स्कॅन करू नका. स्कॅन करावाच लागला तर काळा-पांढरा आणि १५० डीपीआय पुरतो. वीस पानांचा रंगीत अहवाल आणि हा अहवाल यांच्या आकारात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

व्हिडिओचं सूत्र एका ओळीचं आहे. एमपी४ फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायची नाही. व्हिडिओ यूट्यूबवर चढवा आणि साइटवर त्याची लिंक किंवा चौकट द्या. ५० एमबीचा एक व्हिडिओ २०० जणांनी पूर्ण बघितला की १० जीबीचा कोटा संपला.

गळती तिसरी: प्लगिनची गर्दी

वर्डप्रेस २००३ मध्ये आलं आणि आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात. कारण त्याचे प्लगिन. फॉर्म हवा, प्लगिन. स्लायडर हवा, प्लगिन. व्हॉट्सअ‍ॅपचं हिरवं बटण हवं, प्लगिन. हजारो प्लगिन फुकट मिळतात, म्हणून साइट बनवून देणारा ते लावत जातो आणि मालकाला पत्ता नसतो.

फुकट मिळालेल्या प्लगिनचाही खर्च असतो. बरेच प्लगिन स्वतःच्या डिझाइनच्या आणि कोडच्या फाइली प्रत्येक पानासोबत पाठवतात, त्या पानावर त्यांचं काम असो वा नसो. चौकशीचा फॉर्म फक्त 'संपर्क' पानावर आहे, पण त्याच्या फाइली भावाच्या पानावरही जातात. असे पंधरा-वीस प्लगिन जमले की फोटो न दिसताच पान एक एमबीवर जातं.

प्लगिनची यादी उघडा आणि प्रत्येकासमोर एक प्रश्न विचारा: हा काढला तर गिऱ्हाइकाला काय कमी पडेल? उत्तर 'काही नाही' असेल तर तो जाऊ द्या. भेटींचा आकडा दाखवणारा काउंटर, पडणारी फुलं, उघडताच समोर येणारी पॉपअप चौकट, फेसबुकची चालू पट्टी, एकाच कामाचे दोन-दोन प्लगिन, हे पहिले उमेदवार. व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणाला तर प्लगिन लागतच नाही. एक साधी लिंक दिली की काम होतं.

काढताना एका वेळी एकच बंद करा, साइट चार पानांवर तपासा, मगच पुढचा बंद करा. सगळे एकदम बंद केले आणि काही बिघडलं, तर कशामुळे बिघडलं ते कळत नाही. बंद केलेला प्लगिन बँडविड्थ खात नाही, पण त्यातल्या जुन्या त्रुटींमधून चोर आत येऊ शकतो. म्हणून जो परत लागणार नाही तो डिलीटच करा.

पैसे देऊन घ्यायचा प्लगिन कोणी 'फुकटात' टाकून दिला असेल तर सावध व्हा. अशा चोरीच्या प्रतींमध्ये बऱ्याचदा लपवलेला कोड असतो. तुमच्या सर्व्हरवरून स्पॅम पाठवला जातो, भलत्याच फाइली ठेवल्या जातात आणि बिल तुमच्या नावावर फाटतं.

बॅकअपच्या प्लगिनचंही एकदा बघा. एक जीबीचा बॅकअप रोज ब्राउझरमधून उतरवून घेतला तर महिन्याचे तीस जीबी नुसते त्यातच गेले. ज्या साइटवर आठवड्याला एखादी बातमी किंवा भाव बदलतो, तिला आठवड्याचा बॅकअप पुरतो. रोज ऑर्डरी येत असतील तर फक्त डेटाबेसचा बॅकअप रोज घ्या. तो लहान असतो.

कॅशे लावला तरी बँडविड्थ का कमी होत नाही?

'कॅशे प्लगिन टाका' हा सल्ला सगळीकडे मिळतो. सल्ला चांगला आहे, पण अर्धा आहे. पेज कॅशेमुळे सर्व्हरला पान पुन्हा पुन्हा तयार करावं लागत नाही, साइट पटकन उघडते. पण पान तेवढंच जड राहतं. जाणारे एमबी त्याने कमी होत नाहीत.

एमबी कमी करतात त्या दुसऱ्या दोन सेटिंग. पहिली कॉम्प्रेशन, जिला जीझिप किंवा ब्रॉटली म्हणतात. मजकूर आणि कोडच्या फाइली त्याने दाबून पाठवल्या जातात आणि बऱ्याचदा निम्म्याहून लहान होतात. फोटोंवर मात्र त्याचा परिणाम होत नाही, ते आधीच दाबलेले असतात. दुसरी ब्राउझर कॅशे. लोगो, फॉन्ट, डिझाइनच्या फाइली गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्येच काही दिवस ठेवल्या जातात. तोच माणूस दुसऱ्यांदा आला की त्या परत पाठवाव्या लागत नाहीत. कॅशेच्या बऱ्याच प्लगिनमध्ये ही दोन्ही सेटिंग असतात, पण ती चालू आहेत का ते तपासावं लागतं.

मराठी साइटने फॉन्टकडेही बघावं. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा जड असते. साध्या, ठळक आणि तिरप्या अशा पाच-सहा फाइली लावण्यापेक्षा साधी आणि ठळक अशा दोनच ठेवा.

गळती चौथी: न दिसणारे पाहुणे

गूगलवर साइट दिसावी म्हणून गूगलचा बॉट येऊन पानं वाचून जातो. हा बॉट कामाचा. पण त्याच्यासोबत शेकडो दुसरे बॉट येतात. काही मार्केटिंग कंपन्यांचे, काही पासवर्ड फोडायला बसलेले, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत एआय कंपन्यांचे, जे मजकूर आणि फोटो गोळा करत फिरतात.

या त्रासातून मोठेही सुटलेले नाहीत. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं, की जानेवारी २०२४ पासून फोटो-व्हिडिओ उतरवण्यासाठी लागणारी बँडविड्थ ५० टक्क्यांनी वाढली आणि ही वाढ मुख्यतः बॉटमुळे झाली. सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं ठेवणाऱ्या 'रीड द डॉक्स' या साइटवरून मे २०२४ मध्ये एकाच क्रॉलरने ७३ टेराबाइट डेटा उतरवला. त्याचा खर्च पाच हजार डॉलरच्या वर गेला. एआय क्रॉलर अडवल्यावर तिथला रोजचा डेटा ८०० जीबीवरून २०० जीबीवर आला. म्हणजे चारातले तीन हिस्से बॉटच नेत होते.

छोट्या साइटवर प्लगिनमुळे हा त्रास आणखी वाढतो. कार्यक्रमांचं कॅलेंडर दाखवणारा प्लगिन घ्या. त्यात 'पुढचा महिना' अशी लिंक असते. माणूस दोन-तीन महिने बघून थांबतो. बॉट दाबतच राहतो आणि २०४०, २०५० सालचे कोरे महिनेही उतरवून नेतो. दुकानाच्या प्लगिनमधल्या रंग, आकार, किंमत अशा फिल्टरच्या लिंकांचंही तेच.

उपाय तीन पायऱ्यांचे.

पहिली पायरी, रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची छोटी फाइल. कोणत्या बॉटने कुठे जाऊ नये हे तिच्यात लिहिता येतं. ही पद्धत १९९४ पासून आहे. एसइओवाल्या कंपन्यांचे आणि एआय कंपन्यांचे नावाजलेले बॉट तिच्यात अडवता येतात, कॅलेंडरची पानंही वगळता येतात. पण ही फक्त 'आत येऊ नये' अशी पाटी आहे, कुलूप नाही. सभ्य बॉट ऐकतात, बाकीचे ऐकत नाहीत. आणि पाटी लिहिताना सगळ्यांनाच बंदी घालू नका, नाहीतर गूगलही येणार नाही आणि साइट शोधात दिसणार नाही.

दुसरी पायरी, क्लाउडफ्लेअरसारखी मधली सेवा. तिचा मोफत प्लॅन छोट्या साइटला पुरतो. फोटो आणि डिझाइनच्या फाइलींची प्रत ती आपल्या सर्व्हरवर ठेवते आणि तिथूनच देते, त्यामुळे तुमच्या होस्टिंगचा कोटा वाचतो. एआय बॉट अडवायचं बटण मोफत प्लॅनमध्येही २०२४ पासून आहे. मात्र त्यासाठी डोमेनचे नेमसर्व्हर बदलावे लागतात. त्याच डोमेनवर ईमेल चालू असेल तर त्याच्या नोंदी आधी उतरवून घ्या, नाहीतर मेल बंद पडेल.

तिसरी पायरी, दारं बंद करणं. वर्डप्रेसच्या लॉगिन पानावर आणि एक्सएमएलआरपीसी नावाच्या जुन्या फाइलवर पासवर्ड फोडणाऱ्यांचा मारा असतो. लॉगिनच्या चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा घाला. मोबाइल अ‍ॅप किंवा जेटपॅक प्लगिन वापरत नसाल तर एक्सएमएलआरपीसी बंद करता येते.

आणखी एक चोरी आहे, तिला हॉटलिंकिंग म्हणतात. दुसरी एखादी साइट तुमच्या बागेचा फोटो स्वतःच्या पानावर दाखवते, पण फाइल तुमच्या सर्व्हरवरून उचलते. पान त्यांचं, डेटा तुमचा. सीपॅनेलमध्ये 'हॉटलिंक प्रोटेक्शन' असं बटण आहे. ते लावताना थेट विनंत्यांना परवानगी देणारी खूण चालू ठेवा. नंतर एक लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून फोटो दिसतो का ते तपासा.

चाव्या कोणाकडे आहेत?

यातलं काहीही करायला तीन पासवर्ड लागतात: डोमेनचा, होस्टिंगचा आणि वर्डप्रेसचा. बऱ्याच ठिकाणी साइट कोणीतरी ओळखीच्या पोराने करून दिलेली असते. तो आता पुण्या-मुंबईला नोकरीला, आणि डोमेन त्याच्याच ईमेलवर. साइट बंद पडल्यावर हे शोधायला घेतलं की हंगाम निघून जातो. म्हणून आजच बघा, डोमेन तुमच्या किंवा संस्थेच्या नावावर आणि ईमेलवर आहे का. नसेल तर ते बदलून घ्या. संस्था असेल तर पासवर्ड एका पदाधिकाऱ्याच्या मोबाइलमध्ये न राहता दफ्तरात नोंदलेले असावेत.

साइट आजच बंद पडली असेल तर?

आधी होस्टिंग कंपनीला विचारून या महिन्यापुरती थोडी जादा बँडविड्थ घ्या, म्हणजे साइट सुरू होईल. त्याच दिवशी पहिल्या पानावरचा स्लायडर आणि सर्व्हरवर ठेवलेले व्हिडिओ काढा. ज्या आयपी पत्त्याने सर्वात जास्त डेटा नेला तो सीपॅनेलच्या 'आयपी ब्लॉकर'मधून अडवा. मात्र तो पत्ता गूगलच्या बॉटचा किंवा तुमच्याच ऑफिसचा नाही ना, हे आधी होस्टिंग कंपनीकडून तपासून घ्या. पुढच्या दोन-तीन दिवसांत फोटो लहान करा आणि प्लगिनची यादी साफ करा. बॉटची पाटी आणि मधली सेवा त्या आठवड्यात लावा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अनलिमिटेड प्लॅन घेतला तर प्रश्नच मिटेल ना? पूर्ण मिटत नाही. अशा प्लॅनच्या अटींमध्ये बहुतेक वेळा 'योग्य वापर' असं कलम असतं. वापर फार वाढला की साइट संथ केली जाते किंवा बंद ठेवली जाते. आणि गिऱ्हाइकाचा पॅक तर अनलिमिटेड नसतोच.

साइटच्या नावाचा ईमेलही यात मोजला जातो का? बऱ्याच होस्टिंगवर हो. मोठे फोटो आणि फाइली रोज मेलने जात असतील तर त्या ड्राइव्हवर ठेवून लिंक पाठवा.

फरक कधी दिसतो? फोटो आणि स्लायडरचा फरक दुसऱ्याच दिवसापासून. बॉट पाटी वाचून थांबायला काही दिवस लागतात.

मोठा प्लॅन कधी घ्यावा?

दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी वहीत तीन आकडे लिहा: एकूण किती जीबी गेले, किती भेटी झाल्या आणि प्रत्येक भेटीमागे किती केबी. पहिला आकडा वाढला आणि तिसराही वाढला, तर कुठेतरी नवीन गळती सुरू झाली आहे. कोणीतरी जड फोटो चढवले असतील किंवा नवा प्लगिन आला असेल. पहिला वाढला, पण तिसरा कमी झाला किंवा तिथेच राहिला, तर माणसं खरंच वाढली आहेत. तेव्हा मोठ्या प्लॅनचे पैसे द्यायला हरकत नाही, कारण ते पैसे गिऱ्हाईक आणतंय.